अडतीस वेळा 'समजलं सर'

माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीतलं सगळ्यात गाजलेलं व्याख्यान कोणालाच ऐकू आलं नाही. कारण त्यात आवाजच नव्हता.

मी मालेगावच्या महाविद्यालयात बी.एस्सी.च्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवतो. मालेगाव म्हटलं की बाहेरची माणसं नाशिककडे पाहतात. आमचं वाशीम जिल्ह्यातलं, कागदोपत्री जहांगीर लावावं लागतं ते मालेगाव. महाविद्यालयात तेव्हा नवा स्मार्ट बोर्ड आला होता. पहिलं वर्षभर आम्ही त्याचा उपयोग कॅलेंडरासारखा केला, म्हणजे सकाळी लावायचा आणि तारीख पाहायची. मग वरून फर्मान निघालं, की प्रत्येक प्राध्यापकानं आपल्या विषयाचे व्हिडिओ करावेत, पोरांपर्यंत डिजिटल पद्धतीनं पोचावं वगैरे. सरकारी मराठीत लिहिलेलं असल्यामुळे आम्ही ते गंभीरपणे घेतलं.

मी तर फारच गंभीरपणे घेतलं. कॉलरला लावायचा बारका माईक मागवला. लग्नाच्या वाढदिवसाचा शर्ट घातला. आमचे प्रयोगशाळा परिचर गजाननभाऊ यांनी प्रात्यक्षिकाच्या वह्यांची चळत रचून तिच्यावर फोन उभा केला, आणि मी मागच्या सत्रात वर्गात शिकवलेल्या 'अनुनाद' या विषयावर सलग चाळीस मिनिटं बोललो. अनुनाद म्हणजे सोप्या भाषेत सांगायचं तर झोका. झोक्याला त्याच्या लयीत ढकललं तर इवल्याशा धक्क्यानंही तो उंच जातो आणि भलत्या वेळी ढकललं तर हात दुखतात, झोका जागेवर. विजेच्या मंडलातही असंच होतं. हे मी हात हलवून, वाकून, एकदा तर टेबलाला धरून स्वतः झुलून दाखवलं. गजाननभाऊ म्हणाले, "सर, आज तुमी हिरोच दिसून राह्यले."

व्हिडिओ वर्गाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'पाहून झाल्यावर प्रतिक्रिया नोंदवावी. हीच हजेरी धरण्यात येईल.'

तासाभरात प्रतिक्रियांचा पाऊस पडला. 'समजलं सर.' 'खूप छान समजलं सर.' 'सर एकदम डोक्यात बसलं.' अडतीस जणांनी लिहिलं. काही जणांनी हात जोडले होते. भाजीपाल्याची बागायत असलेल्या घरचा प्रवीण नावाचा पोरगा आहे, त्यानं लिहिलं, 'सर तुमचा आवाज लय क्लिअर आला.' मधे कुठंतरी 'हा संदेश हटवण्यात आला आहे' अशी एक ओळ होती. तिच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. स्तुती वाचताना माणूस गाळलेल्या जागा पाहत नाही.

घरी येऊन मी एकेक प्रतिक्रिया सुनंदाला, म्हणजे बायकोला, वाचून दाखवली. ती म्हणाली, "पाहू तरी काय केलं तुमी." तिनं व्हिडिओ लावला. मिनिटभर पाहिला. फोन कानाला लावला.

"अवो, यात तुमी नुसते हातवारे करून राह्यले. आवाज कुठं हाय?"

"तुझ्या फोनचा वाढव."

"फुल हाय."

माईकला एक बारीक बटण असतं. ते दाबायचं असतं. ते मला पुढच्या दहा मिनिटांत कळलं. सुनंदा हसली नाही, पण व्हिडिओ मात्र तिनं शेवटपर्यंत पाहिला. टेबल धरून झुलतानाचा भाग दोनदा.

आता इथं बाहेरच्या वाचकाला एक सांगायला हवं. आमच्याकडे सरांना 'समजलं नाही' म्हणायची पद्धत नाही. ती उर्मटपणाची गोष्ट समजली जाते. पोरगं घरून शिकून येतं की मोठ्या माणसानं काही सांगितलं तर मान हलवायची. समजलं का? हो सर. प्रश्न? नाही सर. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी स्वतः आसेगावच्या शाळेत अशीच मान हलवत शिकलो. पण मान हलवणारा कधीतरी शिकवणारा होतो, आणि मग त्याला त्या मानेवर विश्वास ठेवावासा वाटतो. बावीस वर्षं मी ठेवला.

दोन दिवसांनी प्रयोगशाळेच्या दारात पन्नाशीचे, बारीक अंगाचे एक गृहस्थ उभे राहिले. हातात डब्याचं झाकण, झाकणात उघडलेला फोन आणि इवले इवले स्क्रू.

"इंगोले सर तुमीच का? मी हनीफ. सनाचा अब्बू."

सना म्हणजे दुसऱ्या वर्षाची, तिसऱ्या बाकावर भिंतीकडे बसणारी मुलगी. दोन वर्षांत तिचा आवाज मी फक्त हजेरीला ऐकला होता. हनीफभाईंचं गावात लाउडस्पीकरचं दुकान. लग्नाला, उरुसाला, सप्ताहाला भोंगे भाड्यानं द्यायचे, आणि बाकीच्या दिवसांत रेडिओ, मिक्सर, ॲम्प्लिफायर दुरुस्त करायचे. घरातला चांगला फोन एकच, तो दिवसभर दुकानात.

झाकण टेबलावर ठेवून ते म्हणाले, "सर, तुमचा व्हिडिओ लावला पोरीनं. आवाज नाही. मी म्हनलो, स्पीकर गेला असन. तीन घंटे खोलून बसलो. नवा स्पीकर टाकला. तरी तुमी मुकेच."

गजाननभाऊ बीकर पुसायला तोंड फिरवून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

"हसन्याची गोष्ट नाही, भाऊ," हनीफभाई म्हणाले. "सर, माझी पोरगी शाळा सोडून राह्यली."

आमच्याकडे महाविद्यालयालाही शाळाच म्हणतात.

"काहून?"

"तिनं लिवलं होतं, सर आवाज नाही येत म्हनून. मंग पाह्यलं तर खाली सारे लिवून राह्यले, समजलं, समजलं. तिनं पुसून टाकलं. मले म्हनते, अब्बू, फोनमधी खराबी नसन तर मंग माझ्याच डोक्यात हाय. सगळ्याइले समजते, मलेच नाही." त्यांनी एक स्क्रू बोटानं सरळ केला. "गेल्या बारीचा तुमचाच पेपर राह्यला तिचा. तवापासून तिच्या मनात हेच हाय. आता म्हनते, वाशीमले फुफीपाशी, माह्या बहिनीपाशी, जातो, शिवनाचा क्लास लावतो. मी नाही म्हनत नाही सर, शिवन चांगलंच काम हाय. पन थे हारून जाऊन राह्यली. हारून नाही जायचं."

मी त्यांना खरं सांगितलं. बटण, माईक, सगळं. त्यांनी बोटातला स्क्रू झाकणात टाकला.

"मंग त्या बाकीच्याइले काय समजलं?"

"तेच तर."

"अन् ज्यानं लिवलं आवाज क्लिअर आला म्हनून?"

"त्याचं तर विचारूच नका."

मुक्या व्हिडिओसमोर अडतीस जण खोटं बोलले होते, तेही माझ्या धाकानं आणि हजेरीच्या लालचेनं. खरं बोललेली एकटी स्वतःला ढ समजून वर्ग सोडायला निघाली होती. माझ्या नोकरीत मी बऱ्याच चुका केल्या आहेत, एकदा तर पेपरात मागच्या वर्षीचाच प्रश्न मागच्या वर्षीच्याच चुकीसकट दिला होता, पण या चुकीनं मला खरी लाज आली.

"हनीफभाई, तिला म्हणा, हिवाळी परीक्षेपर्यंत थांब. राहिलेला पेपर दे. तरी वाटलं तर मी स्वतः म्हणेन, जा."

"मी सांगन. पन थे माह्या सांगन्यानं नाही थांबनार. तिले तुमच्या वर्गात काही दिसलं तर थांबन."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात मुका व्हिडिओ स्मार्ट बोर्डवर लावला. पोरं आधी गप्प, मग एकानं फिस्स केलं, मग सगळा वर्ग. माझं झुलणं आलं तेव्हा मीही हसलो. मग म्हटलं, "आता फोन काढा." बावीस वर्षांत 'फोन आत ठेवा' म्हणत आलेला माणूस हे म्हणाला, म्हणून पोरांना आधी सापळाच वाटला.

माझ्या पुण्यात राहणाऱ्या पुतणीनं मला एक फुकटची सोय शिकवली होती. बोर्डवर प्रश्न टाकायचा, पोरांनी फोनवरून उत्तराचं बटण दाबायचं, आणि कोणी काय दाबलं ते न दिसता नुसते खांब वर चढताना दिसतात. नाव कुठंच येत नाही. अडचण एवढीच, की निम्म्या पोरांकडे स्वतःचा फोन नव्हता, घरच्यांचा तो घरीच राहायचा, असला तर नेट नव्हतं, आणि सनाचा फोन दुकानात. मी डोकं धरून बसलो, तर गजाननभाऊ म्हणाले, "सर, एका बाकाले एक फोन. शेतात एक मोटर चार जन वापरतेत, इथं काय झालं?"

या वाक्यासाठी त्यांना खरं तर पीएच.डी. द्यायला हवी. कारण एका फोनवर दोघं बसले की बटण दाबण्याआधी भांडण होतं. 'हे दाब.' 'नाही, ते दाब.' 'काहून?' 'अबे, पुस्तकात पाह्य ना.' आणि एकमेकांना पटवताना ते जे बोलतात ते मला बावीस वर्षांत ऐकू आलं नव्हतं. शहरातल्या महाविद्यालयांत प्रत्येकाच्या हातात टॅब असतो म्हणे. मला तेव्हापासून त्यांची थोडी कीव येते.

पहिला प्रश्न मी असा टाकला: 'मागच्या सत्रात शिकवलेला अनुनाद मला समजला आहे. होय किंवा नाही.'

'होय'चा हिरवा खांब थोडा हलला आणि थांबला. 'नाही'चा लाल खांब चढत गेला. चढतच गेला. वर्गातली कुजबुज बंद झाली. सगळे त्या खांबाकडे पाहत होते, आणि मग हळूच एकमेकांकडे. सना भिंतीकडे बसली होती. तिनं मान वर करून बोर्डकडे पाहिलं, मग मागं वळून सगळ्या वर्गाकडे पाहिलं, एकेका बाकाकडे, जणू कोणीतरी बाहेरगावहून आलेले पाहुणे मोजत होती. खांब थांबला तेव्हा हिरव्यात तीन होते. त्यातला एक, मला दाट संशय आहे, प्रवीणच्या बाकाचा.

मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. आसेगावला माझा एक जुना विद्यार्थी खताचं दुकान चालवतो. भेटला की म्हणतो, "सर, तुमी लय भारी शिकवायचे." त्या लाल खांबानंतर एकदा मी धीर करून त्याला विचारलं, अनुनाद म्हणजे काय रे? तो म्हणाला, "सर, तवा समजलं होतं." तो खांब पाहताना माझ्यासमोर बावीस वर्षांतले असे कितीतरी चेहरे उभे राहिले. त्यांच्यातले किती जण सनासारखे स्वतःलाच ढ समजून गेले असतील, याचा हिशेब माझ्याकडे नाही.

सना त्या आठवड्यात वाशीमला गेली नाही. एवढं पुरे होतं.

मग मी व्हिडिओचा नाद सोडला आणि नुसता आवाज रेकॉर्ड करायचं ठरवलं. आमच्या खेड्यापाड्यातल्या नेटवर व्हिडिओ फिरत राहतो, आवाज मात्र पोचतो. पहिला तुकडा घेऊन मी हनीफभाईंच्या दुकानात गेलो. शेवटी ध्वनी हा त्यांचा धंदा. त्यांनी हातातली कैची बाजूला ठेवून ऐकला.

"सर, हे विहिरीत बसून बोलले का?"

"प्रयोगशाळेत."

"तेच. भिंतीइवरून आवाज परत येऊन राह्यला. अन् चाळीस मिनटं कोन ऐकन? गानं पाच मिनटाचं असते, तरी लोक मधातच बदलवतेत. पाच मिनटाच्या वर बोलू नका. एका बारीले एकच गोष्ट सांगा. अन् गोधडी घ्या."

"गोधडी?"

"अंगावरून घ्या, डोक्यावरून. आतमधी बोला. आवाज मऊ येते, जवळून येते. जसं कानात सांगून राह्यले."

त्या दुकानात मी तासभर बसलो. ते नववीत असताना त्यांच्या वडिलांनी त्यांना शाळेतून काढून या स्टुलावर बसवलं होतं, तेव्हापासून ते स्टुलावरच आहेत. हे त्यांनी सांगितलं, पण तक्रार म्हणून नाही.

अशा रीतीनं ऑक्टोबरच्या उकाड्यात एक मधुमेही प्राध्यापक पंखा बंद करून, दोन गोधड्यांखाली, अनुनाद समजावू लागला. एकदा घरी शेजारच्या काकू आल्या. सुनंदानं त्यांना शांतपणे सांगितलं, "काही नाही, थे नोकरी करून राह्यले."

प्रत्येक तुकड्याच्या खाली मी एक फॉर्म जोडला. 'कुठं अडलं?' नाव लिहायचं नाही. मीही नाव शोधणार नाही, असा शब्द दिला. पहिल्या आठवड्यात प्रश्न आले ते पुस्तकी. मग एक वेगळाच प्रश्न आला:

'रेडिओचा काटा फिरवला की एकच स्टेशन लागते. बाकीचे स्टेशन तर हवेत असतेच ना. ते कुठं जाते?'

मी खुर्चीत सरळ झालो. बावीस वर्षांत मी अनुनादाचं समीकरण फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, पण ते समीकरण ज्याच्यासाठी जन्मलं तो प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. बाकीची स्टेशनंही येतातच, पण मंडल त्यांच्या लयीत झुलत नाही, म्हणून ती ऐकू येत नाहीत. पुढचा तुकडा मी फक्त यावर केला. आठवड्यानं दुसरा प्रश्न आला:

'लाइट बंद करून ॲम्प्लिफायरमधी हात घातला तरी झटका बसते. बंद केल्यावर किती वेळ थांबायचं?'

कंडेन्सरमध्ये साठलेला भार हळूहळू ओसरतो, त्याचा वेग कसा काढायचा, हे आमच्या अभ्यासक्रमात एक रटाळ सूत्र म्हणून येतं. पोरं ते पाठ करतात आणि विसरतात. त्या प्रश्नासकट मी ते सांगितलं तेव्हा वर्गातली बटणं दाबायची भांडणं दहा मिनिटं थांबेनात.

मला प्रश्न विचारणाऱ्याचा अभिमान वाटू लागला, आणि अभिमान वाटला की माणूस शब्द पाळत नाही. मी अंदाज बांधला. प्रवीण. बागेतल्या मोटरपंपांशी खेळणारा, हुशार, लाजाळू. एके दिवशी सगळ्या वर्गासमोर म्हणालो, "प्रवीण, प्रश्न असे विचारावेत. शाब्बास." प्रवीण उभा राहिला, मान हलवली, "हो सर" म्हणाला आणि बसला.

मग तिसरा प्रश्न आला:

'दोन भोंगे लावले अन् एकाची वायर उलटी जोडली तर दोनही वाजते. पन दोघांच्या मधात उभ्या माणसाले आवाज कमी येते. काहून?'

गजाननभाऊंनी माझ्या खांद्यावरून वाचलं. "सर, हा प्रवीण भेंडीच्या वावरात भोंगे कायले लावून राह्यला?"

मी प्रवीणला विचारलं. वर्गात. पुन्हा सगळ्यांसमोर. त्यानं खाली पाहिलं. "सर, ते मी नाही लिवले."

"मग शाब्बास म्हटलं तेव्हा हो का म्हणालास?"

"तुमी म्हनले, म्हनून हो म्हनलो."

वर्ग हसला. आणि भिंतीकडून, दोन वर्षांत मी हजेरीपलीकडे कधी न ऐकलेला आवाज आला.

"सर, ते अब्बू विचारतात."

सना उभी होती. तिचेच हात तिला जड झाल्यासारखे तिनं बाकावर टेकवले होते. "मी फॉर्म भरायला बसले की ते म्हणतात, माझाही एक टाक. तुमचा तुकडा ते दुकानात काम करताना लावून ठेवतात. दिवसातून चार-पाच बार. संध्याकाळी मले विचारतात, सरानं हे काय म्हटलं, समजावून सांग. मग मले सांगावंच लागते." तिनं हात बाकावरून काढले. "पहिल्या बारीला नाही आलं सांगता. मग पुस्तक काढलं."

मला वाटतं माझ्या वर्गातला तो सगळ्यात चांगला तास होता, आणि त्यात मी काही शिकवलं नाही.

पुढच्या गुरुवारी हनीफभाई दोन भोंगे घेऊन महाविद्यालयाच्या मैदानावर आले. आवाजाची पातळी आकड्यात दाखवणारं एक फुकटचं ॲप पोरांनी फोनवर उतरवून घेतलं. भोंग्यांतून एकच सलग सूर सोडला आणि पोरांच्या जोड्या मैदानावर पावलं मोजत फिरू लागल्या. एक आकडा वाचायचा, एक वहीत लिहायचा. एका भोंग्याची वायर हनीफभाईंनी सनाला उलटी करायला लावली. प्रवीण बरोबर मधोमध उभा होता. तो जागेवरूनच ओरडला, "सर, कमी झाला! आईशप्पथ कमी झाला!" या बारीला मी त्याच्यावर विश्वास ठेवला. प्राचार्य बाहेर येऊन विचारत होते, "आज कोणाची जयंती आहे?"

वायर उलटी असली की दोन्ही लाटा मधोमध एकमेकींना खोडतात, हे मी शिकवतोच. पण त्या दिवशी ते सनानं सांगितलं, भोंग्याच्या खांबाला टेकून, आणि वडिलांनी मधे मधे भर घातली: "म्हनून आमी लग्नात वायरीले लाल दोरा बांधतो, उलटी नाही व्हावं म्हनून. मले काहून ते माहीत नव्हतं. वडील बांधत होते, मी बांधत होतो."

हिवाळी परीक्षा झाली. राहिलेल्या पेपरच्या दिवशी मी पर्यवेक्षक नसूनही तीनदा त्या खोलीवरून गेलो. चौथ्यांदा गेलो तेव्हा पर्यवेक्षक म्हणाले, "सर, काही हरवलं का?" सना बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं, काहीच बोलली नाही, आणि मी दीड महिना झोप नीट न लागलेला माणूस झालो. निकाल लागला त्या दिवशी गावात नेट असं गेलं होतं की गजाननभाऊ फोन हात उंच करून महाविद्यालयाच्या पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढले. तिथून त्यांनी ओरडून सांगितलं, "निघाली! सर, निघाली पोरगी! काठावर नाही, चांगली निघाली!"

तिसऱ्या वर्षाला मुख्य विषय निवडायचा असतो. सनानं माझा निवडला. फॉर्म घेऊन आली तेव्हा मी विचारलं, "वाशीमचं काय?"

"फुफीला सांगितलं, सुट्टीत येते. शिवण शिकायला." मग तिनं पिशवीतून मैदानातल्या आकड्यांची वही काढली. "सर, मधोमध आवाज पूर्ण मरत नाही, थोडा उरतो. पुस्तकात तर पूर्ण मरतो लिवलं हाय. मले त्याच्यावर प्रकल्प करायचा आहे. हे मले समजलं नाही."

बावीस वर्षं मी ज्या वाक्याची नकळत वाट पाहत होतो, ते वाक्य तिनं माझ्या टेबलासमोर उभं राहून, सरळ डोळ्यांत पाहून म्हटलं.

त्या संध्याकाळी मी घरी पोचलो तो जमिनीवर नव्हतो. सुनंदा अंगणात मेथी निवडत होती. ती गावातल्याच हायस्कुलात क्लार्क आहे; ज्यांची शाळा मधेच सुटली आणि ज्यांना बाहेरून दहावीला बसायचं आहे त्यांचे सतरा नंबरचे फॉर्म दरवर्षी तिच्याच टेबलावरून जातात. मी तिला सगळं सांगितलं. लाल खांबापासून टाकीच्या शिडीपर्यंत. गोधडीचं श्रेय घेतलं. एका बाकाला एक फोन ही कल्पनाही, ओघात, थोडी माझ्याकडे आली. फोन, फॉर्म, आवाजाचे तुकडे, यांनी एका पोरीचं शिक्षण कसं वाचवलं यावर मी बराच वेळ बोललो. ती मेथी निवडतच होती.

मेथीची शेवटची काडी टोपलीत टाकून तिनं पदराला हात पुसले.

"पोरीचं झालं, चांगलं झालं," ती म्हणाली. "पन वर्षभर तुमचे धडे चार-चार बार ऐकले बापानं, प्रश्न इचारले बापानं. त्याइचा सतरा नंबरचा फॉर्म कधी भरता? मुदत संपाले आली. उद्या त्याइले माह्यापाशी पाठवजा, अन् येतानी नववीचा दाखला आना म्हना."